पेटीमास्तरांची वही

हे व्याख्यान नरडाण्यालाच ठेवावं हा आग्रह आमचा होता. जे दूरवरून ऐकताहेत किंवा पुढे हे लिखित रूपात वाचतील, त्यांच्यासाठी सांगतो. नरडाणा हे धुळे जिल्ह्यात, शिंदखेडा तालुक्यातलं गाव. सुरतेहून जळगावकडे येणारा तापीकाठचा लोहमार्ग इथून जातो, मुंबई-आग्रा रस्ताही इथूनच जातो. आताची मुलं नरडाणा म्हटलं की एमआयडीसी म्हणतात. मराठी संगीत नाटकाच्या इतिहासात या गावाचं नाव शोधून सापडणार नाही, आणि आज ज्या माणसाबद्दल बोलायचंय त्याचंही नाही.

समोर टेबलावर ही वही ठेवली आहे. साधी शंभर पानी, पाठीला शिवण घातलेली. ती लिहिणारे गृहस्थ इथल्या मालधक्क्यावर कारकून होते. सरकी, कपाशी आणि गुळाच्या पावत्या दिवसा लिहायचे आणि संध्याकाळी पेटी घेऊन बसायचे. सगळं गाव त्यांना मास्तर म्हणे. आम्हीही मास्तरच म्हणतो, नाव मुद्दाम घेत नाही. त्यांना ते आवडलं नसतं. गणेशोत्सवात गावातली मंडळी संगीत नाटक करायची, तेव्हा पदं बसवण्यापासून तबलजीच्या जेवणापर्यंत सगळं त्यांच्याकडे. हस्तपत्रकात मात्र शेवटच्या ओळीत फक्त ‘पेटी’ आणि पुढे आडनाव. आजच्या भाषेत ते त्या नाटकाचे संगीत दिग्दर्शक होते. तो शब्द त्यांच्या कानावर सिनेमामुळे आलेला. स्वतःला तो लावला असता तर बिचारे लाजले असते.

आमचा विषय तत्त्वज्ञान. नाट्येतिहासात आम्ही लुडबूड का करतो, हे पुढे कळेलच. आधी थोडा इतिहास पाहू.

विष्णुदास भाव्यांनी 1843 साली सांगलीत ‘सीतास्वयंवर’ केलं. त्या नाटकात गाणं होतं, भरपूर होतं, पण ते गायचा सूत्रधार. राम असो की रावण, त्यांच्या मनातलं पद सूत्रधाराने म्हणायचं आणि पात्रांनी पुढचं संभाषण करायचं. भरताच्या नाट्यशास्त्रातसुद्धा ध्रुवागानं प्रामुख्याने वाद्यवृंदाजवळ बसलेल्या गायकांच्या वाट्याची. त्या सगळ्या मेळ्याला तिथे ‘कुतप’ म्हटलंय. थोडक्यात, एक गळा तयार असला की नाटक उभं राहत होतं. गाणं शिकवण्याचा प्रश्न एका माणसापुरता होता.

अण्णासाहेब किर्लोस्करांनी ही व्यवस्था मोडली. 31 ऑक्टोबर 1880 या दिवशी पुण्यात आनंदोद्भव नाट्यगृहात ‘शाकुंतल’चे पहिले चार अंक झाले. शकुंतला स्वतः गायली, दुष्यंत स्वतः गायला. आज आपल्याला यात काही नवल वाटत नाही. पण विचार करा, ज्याला बोलता येतं, ज्याचा चेहरा बरा आहे, अशा प्रत्येकाला आता गाता यायला हवं होतं, आणि पदं होती दोनशेच्या घरात! नट शिकवणारा एक आणि गळे शिकवणारा दुसरा, अशी दोन कामं त्या रात्री वेगळी झाली. माणसं वेगळी व्हायला आणखी वेळ लागला. अण्णासाहेबांनी पदं लिहिली, चाली शोधल्या आणि शिकवल्याही. चाली कुठून आणल्या? कीर्तनातल्या साक्या-दिंड्या, लावण्या, कर्नाटकातली गाणी, घरोघरच्या बायकांची गाणी. आणि एक गोष्ट नेहमी निसटते, ती अशी की ‘शाकुंतल’ आलं तेव्हा अण्णासाहेब सरकारी कचेरीत नोकरीला होते. म्हणजे ज्याला आपण व्यावसायिक संगीत रंगभूमीचा पाया म्हणतो, तो कचेरी सुटल्यावर तालीम करणाऱ्या माणसाने घातला.

पुढची नावं तुम्हाला पाठ आहेत, भरभर सांगतो. ‘मानापमान’, 12 मार्च 1911, चाली गोविंदराव टेंब्यांच्या. ‘स्वयंवर’, 1916, भास्करबुवा बखले. वझेबुवा, मास्तर कृष्णराव. 1933 साली ‘आंधळ्यांची शाळा’, तिथे केशवराव भोळ्यांनी पदं मोजकी आणि प्रसंगापुरती ठेवली. मग जितेंद्र अभिषेकी. ‘मत्स्यगंधा’ 1964, ‘कट्यार काळजात घुसली’ 1967. इतिहासाची पुस्तकं या माळेवर चालतात. माळ खोटी नाही, पण ती चाल देणाऱ्यांची आहे. चाल दिली आणि काम संपलं, असं कुठल्याही तालमीत कधी झालेलं नाही.

आपल्या खानदेशातलं उदाहरण घ्या. बालगंधर्वांच्या लहानपणाचा काही काळ जळगावात गेला आणि गाण्याचे सुरुवातीचे धडे त्यांनी तिथे महेबूबखाँ यांच्याकडे घेतले. 1905 साली ते किर्लोस्कर मंडळीत गेले, पुढचं सगळं सर्वांना ठाऊक आहे. चरित्रांमध्ये महेबूबखाँना किती जागा मिळते? एक ओळ, फार तर दोन. मुलाच्या गळ्यात आधीच काय होतं आणि खाँसाहेबांनी काय घातलं, काय काढलं, हे कुणी विचारलंच नाही. ते कळलं असतं तर बालगंधर्व थोडे अधिक कळले असते.

आता गावाकडे येऊ. नाटक कंपन्या रेल्वेने हिंडत. जळगाव, अमळनेर, धुळं इथे कापसाचा पैसा होता, गिरण्या होत्या, प्रेक्षक होता. नरडाण्यासारख्या गावातली माणसं गाडीत बसून खेळ पाहायला जात आणि परतताना डब्यात पदं गुणगुणत येत. मग कुणाला तरी वाटे, आपणही करू. नाटकाचं पुस्तक मागवायचे. पुस्तकात पदाच्या डोक्यावर छापलेलं असे: राग अमुक, ताल तमुक, ‘चाल’ आणि पुढे कुठल्या तरी गाण्याचे दोन शब्द. हे गाणं कधी कानडी, कधी उर्दू, कधी गुजराती. श्रीपाद कृष्ण कोल्हटकरांच्या नाटकांनी तर पारशी रंगभूमीच्या चालींचं दारच उघडलं होतं. नरडाण्याच्या पेटीवाल्याने ते मूळ कानडी गाणं कुठे ऐकलेलं असणार? पुस्तक त्याला पत्ता देत होतं, पण त्या पत्त्यावर जायला रस्ता नव्हता.

रस्ता दिला तबकड्यांनी. जुन्या तबकडीची एक बाजू साधारण तीन मिनिटं वाजते. रंगमंचावर बालगंधर्व जे पद वन्स मोअर घेत पाव-पाव तास गात, ते तबकडीत तीन मिनिटांत बसवावं लागे. गावोगावचे हौशी गायक ही तीन मिनिटं शिकले, हरकती-मुरक्यांसकट, कधी कधी तर सुई अडकायची तिथल्या अडखळण्यासकट! आमच्या लहानपणी एक कृष्ण पदाच्या मध्येच एक तान दोनदा घ्यायचा. तो तबकडीवरचा ओरखडा होता, हे आम्हाला फार उशिरा कळलं. पण या तीन मिनिटांनी हौशी नाटकाचं एक भलंही केलं. पद आटोपशीर झालं, आणि ज्याचा दम तीन मिनिटांचा आहे तोसुद्धा अर्जुन होऊ शकला.

इथून मास्तरांची वही सुरू होते. तिच्यात एकही चाल नाही. स्वरलिपी जवळपास नाही. प्रत्येक नटाला एक पान. उदाहरणार्थ नारदाचं पान: “काळी एक. वरच्या मध्यमापुढे नेऊ नये. अंतऱ्याआधी वीणा सावरावी, तेवढ्यात श्वास.” हे जरा सावकाश ऐका. नारदाला दम पुरत नाही, म्हणून मास्तरांनी त्याला वीणा सावरायला लावली. प्रेक्षकांना अभिनय दिसला, नारदाला हवा मिळाली. बलरामाच्या पानावर: “पद गाळले. नाराज आहे. नांगर नवा करून द्यावा.” दिलाही होता. तो नांगर आम्ही पाहिलाय, खऱ्यापेक्षा मोठा होता.

काही पानांवर नुसतं ‘ळ’ अक्षर लिहून त्याखाली दोन रेघा मारल्या आहेत. बाहेरच्यांना हे कळायचं नाही. आपली अहिराणी ‘ळ’ला ‘य’ करते. काळा म्हणजे काया, डोळा म्हणजे डोया. बोलताना गोड लागतं ते. पण द्वारकेची सुभद्रा ‘ळ’ला ‘य’ म्हणाली की मागच्या रांगेत हसू फुटतं, आणि गंमत अशी की हसणारेही घरी तसंच बोलणारे. मास्तरांनी यावर काढलेला उपाय असा: शब्दाच्या शेवटी ‘ळ’ असेल तर लांबण त्याच्या आधीच्या स्वरावर घ्यायची आणि ‘ळ’ला शेवटी नुसता स्पर्श करून सोडायचं. नटाची बोली बदलायच्या फंदात ते पडले नाहीत. चालीतच जागा करून दिली.

आणखी एक पान दाखवतो. पुरुषाची पट्टी काळी एक, बाईची काळी तीन. दोघांना एका प्रवेशात, एकापाठोपाठ गायचंय. स्त्रीपार्ट पुरुष करत होते तोवर ही अडचण नव्हती. बायका रंगमंचावर आल्या, हे फार चांगलं झालं, पण पेटीवाल्यापुढे पेच पडला. दर पदाला सूर बदलला तर प्रवेश तुटतो. मास्तरांनी लिहिलंय: “रुक्मिणी मध्यमातून.” म्हणजे कृष्णाचा षड्ज काळी एक; त्याचा मध्यम येतो काळी तीनवर; रुक्मिणीने त्या मध्यमालाच आपला षड्ज धरायचा. पहिल्या आधारस्वराची आस कानात असतानाच दुसरीचं पद सुरू होतं, प्रेक्षकाला सांधा दिसत नाही. मोठे गवई हे करतातच. पण मालधक्क्यावरच्या कारकुनाने ते कुठून उचललं, हे आम्ही विचारायला हवं होतं आणि विचारलं नाही.

बसायची जागाही पाहा. इंग्लंडात गावोगावी हौशी संगीतिका करणाऱ्या संस्था असतात. गिल्बर्ट आणि सलिव्हन या जोडीच्या संगीतिका गेल्या शतकाआधीपासून तिथे घराघरात पोचलेल्या. तिथला संगीत दिग्दर्शक हातात छडी घेऊन उभा राहतो, त्याच्यापुढे लिहिलेलं संगीत असतं, आणि वाद्यं-गळे सगळे त्याच्या हाताकडे पाहून चालतात. आपल्याकडे पेटीवाला रंगमंचाच्या खाली, पुढ्यात, नटाकडे तोंड करून बसतो. तो कुणाला हात दाखवत नाही. तो गाणाऱ्याच्या तोंडाकडे पाहतो आणि अर्ध्या पावलाने मागून चालतो. नट एक ओळ विसरला तर तोही ती विसरतो. नटाने समेच्या आधीच घाई केली तर तो तबलजीला कोपराने खुणावतो. एक पद्धत श्रेष्ठ आणि दुसरी कनिष्ठ असं आम्ही म्हणत नाही. पण मागून चालणाऱ्याला समोरच्याचा गळा आधीपासून माहीत असावा लागतो. छडीवाल्यापेक्षा जास्त. म्हणून ही वही.

आता आमची गोष्ट. सांगायला संकोच वाटतो, पण तिच्याशिवाय ही वही आमच्याकडे कशी आली ते कळणार नाही.

1974 सालचा गणेशोत्सव. नाटक ‘सौभद्र’. आम्ही नुकते एम.ए. होऊन सुट्टीवर आलेलो. पेटी बरी वाजवत होतो, तबकड्या आणि आकाशवाणी ऐकून कान तयार झालेत अशी समजूत होती. प्रयोगाला पंधरा दिवस असताना मास्तर हिवतापाने अंथरुणाला खिळले आणि मंडळींनी पदं आमच्यावर सोपवली. मास्तरांनी निरोप धाडला, “वही घेऊन जा.” आम्ही उलट निरोप दिला की गरज नाही, सगळी पदं आम्हाला पाठ आहेत.

पाठ होतीच. सुभद्रेचं काम करणाऱ्या बाई शाळेत नव्याने आलेल्या शिक्षिका होत्या. आवाज मोठा नव्हता, पण स्वच्छ. त्या काळी तीनमध्ये गात होत्या. आम्हाला वाटलं, पद उठत नाही. पट्टी काळी चार केली. तालमीत छान लागलं; तालमीत एका वेळी एकच पद होत असतं ना. प्रयोग जिनिंगच्या आवारात, उघड्यावर, भाद्रपदातली ओली हवा. दोन अंक ठीक गेले. तिसऱ्या अंकात वरच्या षड्जाला आवाज फाटला. त्यांनी पुन्हा प्रयत्न केला, पुन्हा फाटला. मागून शिट्टी आली. त्यांनी पदाचे उरलेले शब्द गद्यात म्हणून टाकले आणि आत गेल्या. पेटीवर आमची बोटं तशीच. खाली उतरवावं हेसुद्धा सुचलं नाही. मास्तर शाल गुंडाळून पहिल्या रांगेत बसले होते. त्यांनी आमच्याकडे पाहिलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी स्टेशनवरचा हमाल ही वही घेऊन आला. सोबत चिठ्ठी नाही, निरोप नाही. सुभद्रेचं पान आम्ही तिथेच उभ्याने वाचलं. “काळी तीन. गद्य मोठ्याने बोलते, गळा त्यातच जातो. दुसऱ्या अंकानंतर पांढरी चार.” म्हणजे आम्ही एक पूर्ण स्वर वर चढवला होता आणि मास्तर शेवटी अर्धा स्वर खाली उतरवणार होते, कुणाला पत्ता लागू न देता.

त्या बाई पुढे दोन वर्षं गावात होत्या. रंगमंचावर पुन्हा गायल्या नाहीत. आम्ही माफी मागितली तेव्हा हसून म्हणाल्या, “सर, माझाच आवाज नाही.” हे वाक्य खोटं होतं आणि ते त्यांना खरं वाटायला लावणारे आम्ही होतो.

ॲरिस्टॉटलने ‘मेटाफिजिक्स’च्या सुरुवातीलाच एक गोष्ट सांगितली आहे. वैद्य ‘माणसाला’ बरं करत नाही. तो कॅलियसला बरं करतो, सॉक्रेटिसला बरं करतो, आणि तो माणूसही असतो इतकंच. ज्याला सामान्य नियम माहीत आहे पण समोरचा रोगी माहीत नाही, त्याचा उपचार चुकतो. एम.ए.ला आम्ही हे शिकलो होतो, परीक्षेत त्यावर उत्तरही लिहिलं होतं. काळी चारमध्ये पद उठतं, हा सामान्य नियम होता. मास्तरांच्या वहीत सामान्य नियम एकही नाही. नारदाचा दम आहे, बलरामाचा रुसवा आहे, अमळनेरहून येणाऱ्या तबलजीची परतीची पॅसेंजर आहे (“भरतवाक्य लांबवू नये”, असं चक्क लिहिलंय). विशिष्टाचं ज्ञान म्हणतात ते हे, आणि त्याला ज्ञान म्हणायला आमच्या विषयातली मंडळी अजूनही जरा कां-कूं करतात.

मास्तर नक्कल करणारे होते का? हा प्रश्न आम्हाला एका सभेत विचारला गेला होता. चाली भास्करबुवांच्या, हरकती बालगंधर्वांच्या, मग यांचं काय? आम्ही तेव्हा गुळमुळीत उत्तर दिलं. आज असं म्हणू की चाल एकाच माणसाची असू शकते, पण ती दर गळ्यात नव्याने बसवावी लागते, आणि हे बसवणं मूळ चालीत कुठेही लिहिलेलं नसतं. हे काम गावोगाव झालं म्हणून संगीत नाटक पुण्या-मुंबईबाहेर गायलं गेलं. नाहीतर नुसतं ऐकलं गेलं असतं. पुण्याचं भरत नाट्य संशोधन मंदिर 1894 पासून हौशी मंडळींनी चालवलं, त्याचा इतिहास निदान नोंदला तरी गेला. नरडाण्यासारख्या ठिकाणांची नोंद फक्त अशा वह्यांत आहे.

आता राज्य नाट्य स्पर्धेत संगीत नाटकांना वेगळा विभाग आहे, संगीत दिग्दर्शनाला बक्षीस आहे, प्रमाणपत्रावर तो शब्द छापलेला असतो. चांगलंच आहे. पण गेल्या काही वर्षांत आम्ही प्रयोग पाहतो, त्यांत बऱ्याच ठिकाणी साथ आधीच ध्वनिमुद्रित केलेली असते. खर्च परवडत नाही, ऑर्गनवाला मिळत नाही, कारणं खरी आहेत. तरुण मंडळींवर आमचा राग नाही. फक्त एवढंच की मुद्रित साथ मागून चालत नाही. ती पुढे निघून जाते आणि नट तिच्यामागे धावतो. दुसऱ्या अंकानंतर तिला पांढरी चार करता येत नाही असं नाही, मोबाइलवर बोट फिरवून करता येतं. पण करायला हवं हे तिला कुठून कळणार?

राजवाड्यांनी दारोदार हिंडून जुने कागद जमवले, त्यांच्या नावाचं संशोधन मंडळ धुळ्यात 1927 पासून उभं आहे. वाण्याच्या दुकानात पुड्या बांधायला निघालेली दप्तरं वाचवल्याच्या गोष्टी आपण कौतुकाने सांगतो. पेटीवाल्यांच्या वह्या मात्र आमच्या डोळ्यांदेखत रद्दीत गेल्या. शिरपूरला एका घरी अशा तीन होत्या असं कळल्यावर आम्ही गेलो, तर घरदुरुस्तीत फेकून झाल्या होत्या.

ही वही आम्ही परत द्यायला गेलो होतो, दोनदा. दोन्ही वेळा मास्तर म्हणाले, “राहू द्या तुमच्याकडे.” नंतर त्यांची बदली झाली. शेवटची पंधरा-वीस पानं कोरी आहेत. आम्ही पुढे कॉलेजात मुलांची नाटकं बसवली तेव्हा त्या पानांवर लिहावं असं अनेकदा मनात आलं, पण लिहिलं वेगळ्या वहीत.

पुढच्या आठवड्यात हिची पानं स्कॅन होतील. तुमच्या आजोबांच्या, मामांच्या ट्रंकेत असं काही असेल, पदांच्या पुस्तकात समासात पेन्सिलीने ‘काळी दोन’ वगैरे लिहिलेलं असेल, तर आणून दाखवा. फाटकं असलं तरी चालेल. आणि ज्यांना ही वही पाहायची आहे त्यांनी पुढे या, फक्त नारदाचं पान जपून उलटा, तिथली शिवण सुटली आहे.